मारला गेला की कामी आला? एका मरीन सैनिकाच्या स्मरणाविषयी

युद्धात मारल्या गेलेल्या तरुणाविषयी मराठीत लिहू लागले की पहिली अडचण क्रियापदाची येते. बखरींपासून आपल्याकडे माणसे रणांगणावर कामी येतात, धारातीर्थी पडतात. पुढे त्यांना वीरमरण येते, ती हुतात्मा होतात. 'कामी आला' म्हणताच तो कोणत्या तरी कार्याला उपयोगी पडला हे गृहीत धरले जाते. 'धारातीर्थी पडला' म्हणताच शस्त्राची धार तीर्थ ठरते. 'हुतात्मा' म्हणताच त्याने स्वखुशीने आहुती दिली असा निर्वाळा मिळतो. मरण सांगण्याआधीच त्याचे मूल्यमापन उरकून घेणारे हे शब्द आहेत, आणि ज्याच्याविषयी हे सारे बोलले जाते तो त्यावर हो-नाही म्हणायला उरलेला नसतो.

ही अडचण आम्हांस विशेष जाणवते ती 'टेकिंग चान्स' हा छोटासा इंग्रजी लेख वाचताना. ९ एप्रिल २००४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, इराकमध्ये रमादी शहराजवळ अमेरिकेच्या मरीन कोअरमधील चान्स फेल्प्स हा सैनिक मारला गेला. त्याचे वय १९ वर्षांचे होते. लान्स कॉर्पोरल हा हुद्दा त्याला मरणोत्तर मिळाला. त्याचा मृतदेह घरी पोहोचविण्याचे काम लेफ्टनंट कर्नल मायकेल स्ट्रोबल यांनी आपणहून मागून घेतले. ते तेव्हा व्हर्जिनियातील क्वांटिको येथे कचेरीतले काम करीत होते. मृताचे गाव कोलोरॅडोतील आपल्या घराजवळचे दिसले, एवढेच निमित्त. प्रत्यक्षात दफन व्हायचे होते वायोमिंगमधील डुबॉइस या सुमारे हजार वस्तीच्या गावी. डेलावेअरमधील डोव्हर हवाई तळ, फिलाडेल्फिया, मिनिआपोलिस, बिलिंग्ज असा तो प्रवास झाला. परतल्यावर स्ट्रोबल यांनी त्याची हकिकत लिहिली, आणि ती ई-मेलमधून हातोहात पसरली. मूळ शीर्षकात श्लेष आहे: चान्सला घरी नेणे आणि धोका पत्करणे, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

लेखक साहित्यिक नाही, आणि हेच या लेखाच्या पथ्यावर पडले असावे. मृताला आपण ओळखत नव्हतो हे तो प्रारंभीच सांगून टाकतो. मग त्याच्या हाती काय उरते? एका पिशवीतल्या वस्तू: मोठे घड्याळ, गोफात ओवलेला लाकडी क्रूस, गळ्यातले ओळखबिल्ले, संत ख्रिस्तोफरचे पदक. शवपेटी विमानात चढवताना आणि उतरवताना करायचा सलाम. काम थांबवून स्तब्ध उभे राहणारे विमानतळावरचे कामगार. स्वतःजवळचा क्रूस त्याच्या हाती ठेवणारी हवाईसेविका. पेटी उघडली जाणार नव्हती, तरीही आतल्या मृतदेहावर नीट चढवलेला गणवेश. फेल्प्स शूर होता की नाही, देशासाठी मरताना त्याला काय वाटले असेल, याची कल्पनाचित्रे लेखक रंगवीत नाही. तो फक्त पाहिलेले सांगतो.

आपल्याकडील मृत्युलेखांशी हे ताडून पाहावे. कधीही भरून न निघणारी पोकळी, अपरिमित हानी, तेजस्वी बलिदान: ही विशेषणे कोणाच्याही नावापुढे बसतात, आणि म्हणूनच ती कोणाचीच नसतात. घड्याळ मात्र एकाच मनगटावरचे असते. मृताविषयीचा आदर विशेषणांनी वाढत नाही, तपशिलाच्या नेमकेपणाने वाढतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने या लेखातून शिकावे.

परंतु एवढ्यावर थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हे युद्ध का झाले, हा प्रश्न लेख विचारीत नाही. रॉस कॅट्झ यांनी दिग्दर्शित केलेला आणि केव्हिन बेकन यांची प्रमुख भूमिका असलेला याच नावाचा चित्रपट एचबीओने २००९ मध्ये दाखविला. त्यातही हे मौन कायम आहे. ज्या संहारक शस्त्रांचे कारण देऊन हे युद्ध सुरू झाले, त्यांचे साठे इराकमध्ये नव्हते, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ मध्ये काढला. १९ वर्षांच्या मुलाच्या मरणाचा विचार करताना ही बाब अवांतर कशी मानावी?

येथे घाईने निकाल देऊ नये. १९९१ पासून डोव्हर येथे उतरणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रे घेण्यास पत्रकारांना मज्जाव होता. १८ एप्रिल २००४ रोजी, म्हणजे फेल्प्सच्या मृत्यूनंतर नवव्या दिवशी, 'सिअ‍ॅटल टाइम्स'ने कुवेतमधल्या विमानात रांगेने ठेवलेल्या ध्वजाच्छादित शवपेट्यांचे छायाचित्र छापले. ते काढणाऱ्या कंत्राटी कर्मचारी स्त्रीची नोकरी गेली. कुटुंबाच्या संमतीची अट घालून मज्जाव उठविण्याचा निर्णय झाला तो फेब्रुवारी २००९ मध्ये, चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात. म्हणजे कॅमेऱ्याला जेथे प्रवेश नव्हता, तेथे स्ट्रोबल यांचे गद्य वाचकाला घेऊन गेले होते. युद्धाविषयी मत न देणाऱ्या या लेखाने युद्धाची किंमत लोकांच्या नजरेसमोर आणली. त्याच्या मौनाला हे श्रेय दिले पाहिजे.

तरीही त्या मौनाबाहेर कोण राहिले, तेही पाहावे लागते. त्याच एप्रिलमध्ये फलुजात लढाई चालू होती. शेकडो इराकी माणसे मेली, आणि त्यांच्या आकड्यावरसुद्धा एकमत नाही. 'इराक बॉडी काउंट' या नावाने काही स्वयंसेवक २००३ पासून बातम्यांमधून इराकी मृतांची नोंद जुळवीत आले. अनेकांच्या बाबतीत तारीख, ठिकाण आणि संख्या यांपलीकडे काही लिहिता आलेले नाही. त्यांच्या घड्याळांचे काय झाले हे सांगणारा सोबती त्यांना लाभला नाही. हे म्हटल्याने फेल्प्सचे मरण लहान होत नाही. एका मृताला किती काळजीने, किती हातांनी घरी पोहोचविता येते, हे त्याच्या प्रवासाने दाखविले. इतरांना काय नाकारले गेले, हे त्यामुळेच कळते.

मृत सैनिकाचे नाव निघाले की प्रश्न विचारू नयेत, तो त्याचा अवमान होतो, असे म्हणणारे सर्वच देशांत असतात. उलट, युद्ध अन्यायाचे होते म्हणून त्यात मेलेल्या पोराविषयी हळहळण्याचे कारण नाही, असे सुचविणारेही भेटतात. दोघेही त्याला आपल्या बाजूने कामी आणीत असतात. आमचे मत असे की शोक आणि प्रश्न यांतून एकाची निवड करण्याची गरज नाही. ज्याच्यासाठी आपण खरोखर हळहळतो, तो का गेला हे विचारल्याशिवाय आपल्याला राहवत नाही.

म्हणून हा लेख कोणी मराठीत आणणार असेल, किंवा वर्गात शिकविणार असेल, तर आमची एक सूचना आहे. फेल्प्ससाठी 'मारला गेला' एवढेच लिहावे. हे क्रियापद रुक्ष आहे खरे. पण कोणी मारले, कोणी पाठविले आणि कशासाठी, हे तिन्ही प्रश्न ते वाचकासाठी खुले ठेवते. भारदस्त शब्दांमध्ये ती सोय नाही.