तहकूब सभा आणि हातपंपाची वही

प्रति,
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती

विषय : महिला सभेचे ठराव ग्रामसभेपुढे घेणे आणि तहकुबीची पळवाट बंद करणे.

महोदय,

15 ऑगस्टला झेंडावंदन आटोपले आणि थोड्याच वेळात ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. आठवड्याने, ऐन निंदणीच्या दिवसांत, सकाळी अकराला ती कार्यालयात पुन्हा भरली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मूठभर माणसांत सगळे ठराव मंजूर झाले.

कोरम काही अवाढव्य नाही : एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत कमी असेल ती संख्या. लोक येत नाहीत, असे सांगितले जाते. पण याच गावातल्या बायका दिवसभर मजुरी करून रात्री बचत गटाच्या बैठकीला येतात. वस्तीवरच्या हातपंपाचा विषय तिथेच निघाला. पंप कधी बंद पडला, दुरुस्तीला कोण आले, पाण्यासाठी किती लांब जावे लागले, हे त्यांनी महिनाभर वहीत टिपून ठेवले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचे बंधन कायद्यातच आहे. त्या सभेत पंपाचा ठराव झाला. ग्रामसभेत तो वाचलासुद्धा गेला नाही.

ओट्यावरच्या बोलण्याला सभेत वजन मिळू शकते, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने दाखवले आहे. तिथे अभ्यासगटात लोक कायदा आणि जंगल समजून घेतात. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. त्यामागे वर्षानुवर्षांच्या चर्चेची मशागत होती.

संविधानाची 73वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. तिने ग्रामसभेला दिलेले स्थान या गावातही दिसावे, एवढेच ग्रामस्थांचे मागणे आहे. सभा, तहकूब झालेलीही, लोक कामावरून परतल्यावर संध्याकाळी भरवावी आणि दवंडी वस्तीवरही फिरवावी. महिला सभेचा ठराव सुरुवातीलाच घ्यावा. फेटाळला तर कारण इतिवृत्तात लिहावे. इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचावे. आज सह्या आधी होतात, मजकूर नंतर लिहिला जातो, आणि ग्रामस्थांच्या मनाला सर्वांत जास्त लागते ते हेच.

पुढची ग्रामसभा 2 ऑक्टोबरला आहे. त्याआधी विस्तार अधिकाऱ्यांनी वस्तीवर येऊन हातपंप पाहावा, ही विनंती.

आपले,
समस्त ग्रामस्थ

सोबत : हातपंपाच्या वहीच्या पानांच्या प्रती