शपथ माणसाची, उपचार सरकारचा

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदचा दर्गा आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावी हिंदू येतात, मुसलमान येतात आणि आपले लोकही येतात, हे आपण कितीही नाकारले तरी खरे आहे. टेकडीवर गोल गोटे सापडतात. त्यांची दंतकथा आपल्या भागातल्या प्रत्येक पोराने ऐकली आहे: व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले. भूगर्भशास्त्र त्या गोट्यांची उपपत्ती वेगळी सांगते. दंतकथा सांगणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि अडवूही नये. पण सरकार ती कथा भूगोलाच्या पुस्तकात छापत नाही. मला आज जे म्हणायचे आहे ते एवढ्यात आले. पण प्रश्न दगडांचा नाही, दारूत बुडालेल्या माणसांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० ला 'नशामुक्त भारत अभियान' सुरू केले. ते चालवते सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय, म्हणजे ज्याच्याकडे आपल्या मुलांची शिष्यवृत्ती असते तेच मंत्रालय. या अभियानासाठी मंत्रालयाने ब्रह्माकुमारी, आर्ट ऑफ लिव्हिंग, संत निरंकारी मिशन, इस्कॉन, श्री रामचंद्र मिशन आणि गायत्री परिवार या संस्थांशी सामंजस्य करार केले. शाळा-कॉलेजांत, वस्त्यांत यांचे लोक जाऊन व्यसनमुक्तीचा संदेश देतील आणि सरकारचा शिक्का त्यांच्या पाठीशी असेल. यात सरकारचा पैसा किती गेला हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. फलकावर अशोकचक्र आणि त्याच्या शेजारी एका संप्रदायाचे चिन्ह असले की पाहणाऱ्याला जे समजायचे ते समजते.

आधी समोरच्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू या. श्रद्धेने दारू सुटते का? अनेकांची सुटते. वारकऱ्याने माळ घातली की तो दारूला शिवत नाही. आपल्या विदर्भात बाबा जुमदेवजींच्या 'परमात्मा एक' मार्गात गेलेली कितीतरी घरे दारूपासून सुटलेली आपण पाहतो. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आयुष्यभर दारूविरुद्ध बोलले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ बारा पायऱ्यांत 'आपल्याहून मोठ्या शक्ती'वर भरवसा ठेवायला सांगते. वैद्यकीय संशोधनांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात, या बारा पायऱ्यांच्या पद्धतीने शिस्तशीर चालवलेले उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, आणि दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत काहीसे सरसही ठरले. तेव्हा 'हे सगळे थोतांड' असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. तसे म्हटले तर ज्या बाईचा नवरा माळ घालून सुधारला, ती आपले एक शब्दही ऐकणार नाही, आणि तिचे बरोबर असेल.

आणि आपण तरी काय केले? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. आपल्या आईबापांच्या पिढीतले किती लोक त्या प्रतिज्ञेने सावरले, हे आपल्याच घरांत विचारा. धम्माने दारू सुटते असे आपणही म्हणतोच. मग दुसऱ्याच्या श्रद्धेने सुटली तर आपले काय बिघडले?

उत्तर बाबासाहेबांच्याच राजकारणात आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ मध्ये काढलेल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी दारूबंदी रद्द करावी आणि त्या उत्पन्नातून लोकांच्या गरजा भागवाव्यात, अशी भूमिका घेतली. पाच वर्षांनी तेच बाबासाहेब लाखोंकडून दारू सोडण्याची प्रतिज्ञा वदवून घेतात. याला विसंगती म्हणणाऱ्यांना बाबासाहेब समजले नाहीत. सरकारकडून त्यांना शाळा, दवाखाना, रोजगार हवा होता. शील मात्र माणसाने स्वतःच्या मनाने घ्यायचे होते, म्हणून त्यांनी ते दीक्षाभूमीवर दिले. जीआर काढून दिले नाही.

आता सरकारी शिक्क्याने नेमके काय बिघडते ते पाहू.

पहिली गोष्ट जिवाची आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जातो, नसलेले किडे-मुंग्या दिसतात, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर तो मरूही शकतो. हे मी पुस्तकात नंतर वाचले, आधी डोळ्यांनी पाहिले. आमच्या वस्तीतल्या एका भावाला घरच्यांनी एका ठिकाणी नेऊन शपथ घालायला लावली. 'आता नावच नाही घेत, भाऊ' असे तो मला हसत म्हणाला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर हात मारत ओरडू लागला. घरचे म्हणाले, शपथेची परीक्षा चालू आहे, कोणी मधे पडू नका. सकाळी त्याला झटका आला तेव्हा आम्ही गाडी शोधायला पळालो. तो वाचला. पण त्या रात्री त्याला शपथ आठवून देणारे दहा जण होते आणि त्याच्या लक्षणांना आजार म्हणणारा एकही नव्हता. मी सुद्धा नव्हतो. शपथ वाईट नव्हती. तिच्या मागे दवाखाना नव्हता, हे वाईट होते.

याहून भयंकर टोक देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. नातेवाइकांनी त्यांना श्रद्धेनेच तिथे आणले होते. नंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याने साखळदंड बेकायदा ठरवला आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. म्हणजे कायद्याने व्यसनी माणूस आता रुग्ण आहे. सरकारी किंवा सरकारी मदतीच्या सेवेत धर्म-जातीचा भेद न होता उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. ज्याला कायदा रुग्ण म्हणतो त्याच्याकडे सरकारने प्रवचनकार पाठवावा, ही फसवणूक आहे.

दुसरी गोष्ट ताटाची. इस्कॉनच्या चार नियमांत नशा वर्ज्य आहे आणि मांसही वर्ज्य आहे. ब्रह्माकुमारींचा आग्रह सात्त्विक शाकाहाराचा आहे. त्यांच्या अनुयायांनी ते पाळावे, त्यांचा तो अधिकार. पण सरकारी मंचावरून वस्तीतल्या पोराला दारू आणि मटण एकाच दमात सोडायला सांगितले, की त्याला काय कळते? आपल्या आईच्या हातचे जेवणही व्यसनच आहे. आपण मुळातच मळलेले आहोत. ज्या समाजाने आपल्याला ताटावरून अस्पृश्य ठरवले, त्याच शुद्धी-अशुद्धीचा धडा उपचार म्हणून गिळायचा? दारूने यकृत खराब होते. रश्श्याने जात खराब होत नाही.

तिसरी गोष्ट सक्तीची. सरकारी कार्यक्रमाला 'ऐच्छिक' म्हटले तरी मास्तर, पोलीस किंवा साहेबाने सांगितले की गरीब माणूस नाही म्हणत नाही. अमेरिकेतल्या हवाई राज्यात पॅरोलवर सुटलेल्या एका बौद्ध माणसाला अधिकाऱ्याने ईश्वरावर आधारलेल्या व्यसनमुक्ती सभांना जाण्याची सक्ती केली. त्याने नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले आणि २००७ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने सांगितले की अशी सक्ती घटनेत बसत नाही. आपल्या घटनेत कलम २५ सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. कलम २७ सांगते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणाला कर भरायला लावता येणार नाही. पैसा न घेता नुसता शिक्का दिला तर कलम २७ मोडत नसेलही. घटनेचा भाव मात्र मोडतो.

इथे मित्रांनो, आपल्यालाही आरसा बघावा लागेल. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात विपश्यनेचे मोठे शिबिर झाले तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. उद्या सरकार म्हणाले, व्यसनमुक्तीसाठी प्रत्येक तालुक्यात पंचशील वदवून घेऊ, तर आपण टाळ्या वाजवू का? मी वाजवणार नाही. त्या रांगेत एखादा मुसलमान, एखादा आदिवासी भाऊ उभा असेल. त्याला माझे शील सरकारी दंडुक्याच्या धाकाने घ्यायला लागले तर ते शील राहत नाही. तत्त्व आपल्या सोयीने वाकवले की विरोध करण्याचा नैतिक अधिकार जातो.

मग सरकारने करायचे काय? सामाजिक न्याय मंत्रालयानेच एम्सकडून करवून घेतलेला अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळतो १८० पैकी एकाला. खरी तूट इथे आहे. देशात प्रवचनांची तूट कधीच नव्हती.

आपल्या वर्धा जिल्ह्यात सुमारे अर्धशतक दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी असो की प्रवचन, दोन्ही सरकारला स्वस्त पडतात. खाट, औषध आणि प्रशिक्षित माणूस महाग पडतो. कलम ४७ चा दारूबंदीचा भाग सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच कलमात आधी पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे, ते कोणी वाचत नाही. पैसा नाही म्हणू नका. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूवरचे शुल्क वाढवले ते वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील या हिशेबाने. त्यातला वाटा व्यसनी माणसाच्या खाटेला द्या.

आणि देवाशिवाय हे काम होत नाही असेही नाही. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' चालू आहे. साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे होते. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' गावागावांत संघटन आणि तालुक्यात क्लिनिक असे दोन्ही करतो. श्रद्धेच्या गटांत जे औषधासारखे लागू पडते ते म्हणजे सोबत: दर आठवड्याला भेटणारी, पडल्यावर न हसणारी माणसे. ती सोबत विहारात मिळेल, बचत गटात मिळेल, ग्रामपंचायतीच्या खोलीतही मिळेल.

म्हणून तरुणांना माझे दोन कामांचे आवाहन आहे. पहिले, माहिती अधिकारात आपल्या तालुक्यापुरते विचारा: ग्रामीण रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी किती खाटा, कोणती औषधे, किती प्रशिक्षित कर्मचारी, गेल्या वर्षी किती रुग्ण? जिल्ह्यात नोंदणी झालेली व्यसनमुक्ती केंद्रे किती? 'नशामुक्त भारत'चे कार्यक्रम आपल्या शाळांत कोणी घेतले? दुसरे, आपल्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ पिणाऱ्यांसाठी ठेवा. ज्याला शील घ्यायचे त्याने घ्यावे. ज्याला घ्यायचे नाही त्यालाही चहा द्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरले तर त्याला आधी दवाखान्यात न्या.

गिरडच्या टेकडीवर जाऊन कोणी दारू सोडली तर मी त्याचे अभिनंदन करीन. पण टेकडी उतरल्यावर त्याला झटका आला, तर खाली सरकारचा डॉक्टर उभा असला पाहिजे.

जयभीम.