मरणावर टक्केवारी नको

गटारात उतरलेला कामगार गुदमरून मरतो. दुसऱ्याच दिवशी कंत्राटदार चार पैसे घेऊन दारात येतो आणि कोऱ्या कागदावर विधवेचा अंगठा मागतो. पाठोपाठ भरपाईत आपला हिस्सा ठरवून घेणारा वकील येतो. दोघांनाही नकार देण्याचे बळ तिला कोणी द्यावयाचे?

कायदा तिच्या बाजूचा आहे. अशा मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये भरपाई ठरविली. २०२३ साली ती ३० लाख केली. भरपाईत वाटा मागण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलांना मनाई आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.

परंतु हे तिला सांगणार कोण? शोकसभेत भाषण करणाऱ्या कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे. पोलिसांतील फिर्याद, शवविच्छेदनाचा अहवाल, कामावर असल्याचा पुरावा वेळीच गोळा करावा. फुकटचा वकील म्हणून दाव्याची हेळसांड होऊ नये, यासाठी प्रत्येक तारखेस हजर राहावे.

मोर्चा एका दिवसाचा असतो, दावा वर्षानुवर्षे चालतो. तेथेही आपण तिच्या शेजारी उभे राहिलो, तरच आपल्या शोकप्रस्तावांना काही अर्थ आहे.