लहरींवरचा लाल दिवा

डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी पक्षांचे १४० हून अधिक खासदार निलंबित असताना दूरसंचार विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले. १८८५ च्या तार अधिनियमाची जागा घेण्यासाठी आणलेल्या या कायद्यावर संसदेबाहेर जी काही चर्चा झाली, ती उपग्रहसेवेसाठीच्या स्पेक्ट्रमचे लिलावाविना वाटप, संदेशांवरील पाळत आणि इंटरनेटबंदी या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहिली. कलम २० मधील एका खंडाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सार्वजनिक आणीबाणीत किंवा आपत्तीच्या काळात, मदत व पुनर्स्थापनेसाठी प्राधिकृत केलेल्या व्यक्तींचे वा गटांचे संदेश अग्रक्रमाने पोहोचतील अशी व्यवस्था करण्याचा अधिकार हा खंड केंद्र सरकारला, राज्य सरकारांना आणि त्यांनी खास नेमलेल्या अधिकाऱ्यांना देतो. २६ जून २०२४ पासून हे कलम अमलात आले आहे.

वरवर पाहता या तरतुदीला कोणी हरकत घ्यावी असे तिच्यात काही नाही. आगीच्या बंबाला रस्ता मोकळा करून द्यावा, यावर कोणाचे दुमत असणार? परंतु रस्त्यावर बंब पुढे जातो तेव्हा आपले वाहन का थांबले हे मागच्या माणसाला दिसते. भ्रमणध्वनीच्या जाळ्यात तसे काही दिसत नाही. ज्याचा संदेश मागे ठेवला गेला, त्याला फक्त फोन लागत नाही एवढेच कळते. म्हणूनच रेडिओ लहरींवरील अग्रक्रम हा केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही. तो राज्यकारभाराचा, आणि पर्यायाने राजकारणाचा विषय होतो.

मनोऱ्याखालची रांग

हा प्रश्न मुळात उद्भवतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. एका मनोऱ्याच्या कक्षेत हजारो फोन असले, तरी त्यांच्या वाट्याला येणारा स्पेक्ट्रम मर्यादितच असतो. सर्व ग्राहक एकाच वेळी बोलणार नाहीत, या गृहीतकावर जाळ्याची क्षमता ठरवलेली असते. फोनला काही पाठवायचे झाले की त्याला आधी मनोऱ्याकडे परवानगीची हाक द्यावी लागते. फोर-जीच्या रचनेत अशा हाकांचे ६४ साचे ठरलेले आहेत. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच साचा उचलला तर टक्कर होते आणि दोघांना पुन्हा प्रयत्न करावा लागतो. नेहमीच्या दिवशी हे सेकंदाच्या अंशात निभावून जाते. स्फोट, पूर वा चेंगराचेंगरीच्या वेळी मात्र एवढ्या हाका एकदम येतात, की टकरींतून टकरी वाढत जातात आणि जाळे बोलण्याआधीच गुदमरते.

त्यावरचा उपाय फार पूर्वीच मानकांत लिहून ठेवलेला आहे. प्रत्येक सर्वसामान्य ग्राहकाच्या सिमकार्डावर ० ते ९ यांपैकी एक प्रवेशवर्ग नोंदलेला असतो. तो कोणाच्या वाट्याला कोणता यावा याला काही निकष नाही, तो निव्वळ सोडतीसारखा वाटला जातो. ११ ते १५ हे वर्ग मात्र राखीव आहेत. १२ हा सुरक्षा दलांसाठी, १३ पाणी, वीज यांसारख्या लोकोपयोगी सेवांसाठी, १४ आपत्कालीन सेवांसाठी, तर ११ आणि १५ खुद्द जाळे चालवणाऱ्यांसाठी. गर्दी हाताबाहेर गेली की मनोरा सर्वसामान्य वर्गांना काही काळ थोपवून धरू शकतो आणि राखीव वर्गांना आत घेऊ शकतो. आपत्कालीन क्रमांकाला लावलेल्या कॉलचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

आत गेल्यावर दुसरी रांग लागते. कोणाला किती वाटा द्यायचा, हे मनोऱ्यातील संगणक सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरवतो. त्यासाठी प्रत्येक प्रवाहाला दर्जाचा एक क्रमांक दिलेला असतो. संभाषणाला विलंब चालत नाही, ईमेलला चालतो. शिवाय १ ते १५ असा आणखी एक क्रमांक असतो. जागा अपुरी पडली तर कोणाला आत घ्यायचे आणि प्रसंगी कोणाला बाहेर काढून त्याची जागा दुसऱ्याला द्यायची, हे या क्रमांकावरून ठरते.

अग्रक्रमाचे तीन आधार

तेव्हा अग्रक्रम असावा की नसावा, हा वाद व्यर्थ आहे. तो आहेच आणि त्याच्यावाचून जाळे चालणार नाही. खरा प्रश्न आहे तो कशाच्या आधारावर द्यायचा, हा. त्याचे आधार तीन संभवतात : संदेशाचे स्वरूप, पाठवणाऱ्याचे कर्तव्य आणि पाठवणाऱ्याने मोजलेले पैसे.

पहिल्याबद्दल फारसा वाद नाही. चित्रपट उतरवून घेण्यापेक्षा चालू संभाषण आधी, हे कोणीही मान्य करील. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होताना देशातील जाळ्यांवर ताण आला, तेव्हा मनोरंजन कंपन्यांनी मोबाइलवरील चित्रफितींची प्रत १४ एप्रिलपर्यंत स्वतःहून ४८० पिक्सेलपर्यंत खाली आणण्याचे ठरवले. करमणुकीने कामाला वाट दिली आणि कोणाचे फारसे बिघडले नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आधाराची गोष्ट वेगळी आहे. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने या दोहोंत काहीच फरक नाही, हीच यातील मेख आहे. रुग्णवाहिकेतील डॉक्टरला पुढे काढणारा क्रमांक आणि महागड्या योजनेच्या ग्राहकाला पुढे काढणारा क्रमांक एकाच यंत्रणेतला असतो. तो कोणाच्या नावापुढे लिहायचा हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो.

पैशाचा अग्रक्रम

भारताने या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुलनेने लवकर दिले. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मते मागवली तेव्हा लाखो नागरिकांनी ईमेल पाठवून इंटरनेटच्या तटस्थतेची बाजू घेतली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला गाशा गुंडाळावा लागला. नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी सरकारने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या आणि तटस्थतेचे तत्त्व कंपन्यांच्या परवान्यांच्या अटींत दाखल झाले. आपत्कालीन सेवा, वाजवी वाहतूक-नियमन आणि काही विशेष सेवा यांना त्यातून सूट मिळाली.

परंतु हे तत्त्व मजकुरा-मजकुरातला भेद रोखते. ग्राहका-ग्राहकांतल्या भेदाचे काय? हा प्रश्न २०२० मध्ये पुढे आला. व्होडाफोन आयडियाची ‘रेडएक्स’ ही योजना आधीच्या वर्षापासून चालू होती. एअरटेलने जुलै २०२० मध्ये दरमहा ४९९ रुपये वा त्याहून अधिक मोजणाऱ्या पोस्टपेड ग्राहकांना जाळ्यात अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. ट्रायने दोन्ही योजना थांबवण्यास सांगितले. काहींना अधिक वेग दिल्याने इतरांच्या सेवेची प्रत घसरणार नाही कशावरून, हा तिचा रास्त सवाल होता. व्होडाफोन आयडिया दूरसंचार लवादाकडे गेली आणि तिला अंतरिम दिलासा मिळाला. ऑगस्टमध्ये ट्रायने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल तिच्यावर कारणे दाखवा नोटीस बजावली. पुढे अधिक वेगाचा दावा योजनेतून वगळला गेला.

म्हणजे वाद मिटला तो जाहिरातीच्या शब्दांवर. जाळ्यातला क्रम पैशावर ठरावा की नाही, या मूळ प्रश्नाचा तत्त्व म्हणून निकाल लागला नाही. या देशातील बहुतांश मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत. पोस्टपेडला अग्रक्रम याचा अर्थ रोजंदारीवरचा मजूर, घरकामगार, परप्रांतात आलेला टॅक्सीचालक हे सारे एका पायरीने मागे, असा होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी आल्यापासून एकाच जाळ्याचे अनेक आभासी भाग पाडून प्रत्येकाला वेगळी सेवा देणे शक्य झाले आहे. विशेष सेवेमुळे सर्वसामान्य इंटरनेटची प्रत घसरता कामा नये, ही अट ट्रायच्या शिफारशीतच होती. ती पाळली जाते की नाही हे मोजण्याची व्यवस्था नसेल, तर २०२० मध्ये पुढच्या दाराने परतवलेला पाहुणा मागच्या दाराने घरात येईल.

कर्तव्याचा अग्रक्रम

कर्तव्याच्या आधाराची गरज मुंबईइतकी अन्य कोणत्या शहराला कळली असेल? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली आणि फोन मुके झाले. पुढच्याच वर्षी ११ जुलैला लोकलगाड्यांतील साखळी स्फोटांनंतर नातेवाइकांच्या हाकांनी जाळी कोंडली. अशा वेळी बचाव पथकाचा संदेश हजारो चिंतातुर हाकांमध्ये अडकून पडणे परवडणारे नाही. ट्रायने जून २०१८ मध्ये सुरक्षा व आपत्ती निवारण यंत्रणांसाठी देशव्यापी एकात्मिक ब्रॉडबँड जाळ्याची आणि त्याकरता राखीव स्पेक्ट्रमची शिफारस केली होती, तीही याच जाणिवेतून.

परंतु केवळ अधिकार हाती असून भागत नाही, हे लंडनने ७ जुलै २००५ रोजी अनुभवले. बॉम्बस्फोटांनंतर राखीव वर्गांखेरीज सर्वांना थोपवण्याची व्यवस्था तेथे उपलब्ध होती. समन्वय करणाऱ्या वरिष्ठ गटाने ती न वापरण्याचे ठरवले. त्याचे एक कारण असे, की योग्य माणसांच्या हाती योग्य सिमकार्डे आहेत याची खात्री नव्हती. तरीही सिटी ऑफ लंडन पोलिसांनी ऑल्डगेट परिसरात एका कंपनीकडून ती स्वतंत्रपणे लागू करवून घेतली आणि काही तास तेथील सर्वसामान्यांचे फोन बंद पडले. लंडन असेंब्लीच्या समितीने २००६ च्या अहवालात या विसंवादावर कठोर बोट ठेवले. अधिकार होता, यंत्र होते, मात्र यादी तयार नव्हती आणि निर्णय कोणाचा यावर एकवाक्यता नव्हती.

दुसरा धडा कॅलिफोर्नियाचा. २०१८ मधील मेंडोसिनो वणव्याच्या वेळी सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाची डेटा मर्यादा संपली, म्हणून व्हेरायझनने त्याच्या समन्वय वाहनाचा वेग पार खाली आणला. दलाने विनवण्या केल्या तेव्हा अधिक महाग योजना घेण्याचा सल्ला मिळाला. ही चूक असल्याचे कंपनीने नंतर मान्य केले. कर्तव्याचा अग्रक्रम नियमाने बांधलेला नसला की पैशाचा अग्रक्रम त्याची जागा आपोआप घेतो, असा याचा अर्थ.

यादी कोणाची?

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. कलम २० मधील ‘प्राधिकृत’ हा शब्द सारे काही ठरवतो. आपत्तीत कोणाचा फोन आधी लागावा? जिल्हाधिकारी, अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, रुग्णालये यांबद्दल कोणी हरकत घेणार नाही. पण मंत्र्यांचे स्वीय सहायक? खासदार? पक्षाचे पदाधिकारी? राखीव वर्गाचे सिमकार्ड प्रतिष्ठेचे चिन्ह होण्यास वेळ लागणार नाही, हे राजधानीच्या स्वभावाशी परिचित असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोटारीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून उतरवला गेला तेव्हा रुग्णवाहिका आणि बंबांचे दिवे कायम राहिले. पद आणि कर्तव्य यांतला भेद त्या दिवशी सरकारने नेमका ओळखला होता. तोच निकष येथे लावला गेला नाही, तर मोटारीवरून उतरलेला दिवा खिशातल्या फोनमध्ये पेटेल. आणि तेथे तो कोणाला दिसणारही नाही.

यावरचा मार्ग अवघड नाही. इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावले. बंदीला मुदत असते आणि तिचे पुनर्विलोकन होते. अग्रक्रमालाही हाच दंडक लागू करता येईल. कोणत्या सेवांना अग्रक्रम हे आपत्तीआधीच पदांच्या नव्हे तर कामांच्या यादीने जाहीर करावे. आदेश कोण देणार, किती परिसरासाठी आणि किती तासांसाठी, हे ठरलेले असावे. आपत्ती ओसरल्यावर किती सर्वसामान्य फोन थोपवले गेले, याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. आणि ११२ या क्रमांकाला लावलेला कॉल, मग तो कोणत्याही योजनेतल्या फोनवरून असो, थोपवला जाणार नाही याची हमी द्यावी.

पुरात अडकलेल्या गावात आईवडील आहेत आणि मुलगा दिल्लीत किंवा सुरतेत हातातल्या फोनकडे पाहत बसला आहे, अशा वेळी त्याची हाक मागे ठेवली जाणार असेल, तर ती कोणासाठी ठेवली गेली हे त्याला कळले पाहिजे. बचावपथकासाठी असेल तर तो आनंदाने थांबेल. या देशातील सामान्य माणसाने रांगेला कधी नकार दिलेला नाही. त्याची तक्रार असते ती रांग मोडून पुढे जाणाऱ्यांविषयी. रेडिओ लहरींचा अग्रक्रम अधिकाऱ्यांच्या लहरीवर सोडायचा की जाहीर नियमावर, हे ठरवण्याची वेळ पुढचा पूर येण्याआधीची आहे.