गाठोड्यातले दान

चतुर्थीची चाहूल लागली की गोव्यातील हिंदू घरांत जी उलथापालथ सुरू होते, तिचे वर्णन येथील वाचकांपुढे करण्याची आवश्यकता नाही. भिंतींना रंग लागतो, माटोळीचा चौकट-सांगाडा उतरवून पुसला जातो, वर्षभर कुलूपबंद असलेल्या मूळ घरांची दारे मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी उघडतात, आणि मग कपाटांच्या, पेट्यांच्या नि माळ्यांच्या पोटातून जे बाहेर पडते ते पाहून घरातली कर्ती बाई कपाळाला हात लावते. शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या या किनारपट्टीवर कपड्यांना बुरशी धरण्यास एक आषाढ पुरेसा होतो. ठेवणीतल्या साडीला कुबट वास येऊ लागतो, मुलांचे गेल्या वर्षीचे कपडे आखूड झालेले असतात आणि कोणा दिवंगत वडीलधाऱ्याचे सदरे कोणीच घालणार नसते. गाठोडी बांधली जातात. या गाठोड्यांचे पुढे काय होते, हा अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असे कित्येकांस वाटेल. आमच्या मते तो अवश्य होऊ शकतो.

पुढे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. काही गाठोडी घरी कामाला येणाऱ्या बाईच्या हाती, तिला हवीत की नकोत हे न विचारता, दिली जातात. काही बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांपाशी ठेवली जातात. उरलेली रात्रीच्या वेळी रस्त्याच्या वळणावर, ओहोळाच्या काठी किंवा नाक्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर जाऊन पडतात. पंचायतीचा सुका कचरा गोळा करणारा कामगार बाटली घेतो, पुठ्ठा घेतो. भिजलेले कापड पाहून त्याचाही नाइलाज होतो. आपल्या राज्यातील ज्या सुक्या कचऱ्याचा काहीच उपयोग होत नाही तो गठ्ठे बांधून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे पाठवला जातो. ज्या साडीने कधी काळी घरातल्या मंगलकार्यात मिरवले, तिची अखेर घाटापलीकडच्या भट्टीत होते, असा याचा अर्थ.

प्रश्न केवळ गोव्याचा नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील कापडाचा वार्षिक कचरा सुमारे ७८ लाख टन असल्याचे म्हटले होते आणि त्यातील निम्म्याहून किंचित अधिक भाग लोकांनी वापरून टाकलेल्या कपड्यांचा होता. कापड ही जपून वापरण्याची वस्तू मानणाऱ्या देशात हे घडावे याचे आश्चर्य वाटते. पण ते फार वेळ टिकत नाही. बाजारात सदरा जेवणाच्या ताटाच्या किमतीत मिळू लागला की त्याचे आयुष्यही त्याच मानाने आखूड होणार.

एके काळी आपल्या घरांत कापडाला मरणच नव्हते. नऊवारी विटली की तिचे तुकडे होत. मऊ झालेल्या भागाची बाळंतिणीच्या खोलीत दुपटी होत, जाड भाग एकावर एक रचून वाकळ शिवली जाई, वाकळ झिजली की तिचे पायपुसणे आणि पायपुसण्याचे पोतेरे. पोतेरे मातीत मिसळून जाई, कारण ते सुताचे होते. आजची साडी पॉलिएस्टरची. तिचे दुपटे बाळाला टोचते, तिची वाकळ घाम टिपत नाही आणि तिचे पोतेरे पाणी शोषत नाही. काटकसर सुटली म्हणून नव्या पिढीला बोल लावणे सोपे आहे. पण काटकसर करावी असे कापडच हाती उरलेले नाही, हेही पाहिले पाहिजे.

या व्यवस्थेत एक पात्र असे होते की ज्याची आम्हांला विशेष आठवण काढावीशी वाटते. मुंबई-पुण्याकडे जिला बोहारीण म्हणत, ती डोकीवर भांड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई. जुने कपडे घ्यायचे आणि त्याबदली भांडे द्यायचे, असा तिचा व्यवहार. दोन साड्या आणि एका विजारीवर पातेले मिळावे की नुसते वाडगे, यावरून ओट्यावर जी घासाघीस चाले तिच्यात गृहिणी आणि बोहारीण या दोघी बरोबरीच्या असत. गृहिणी दान करीत नव्हती आणि बोहारीण भीक मागत नव्हती. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रियांनी हा धंदा उत्तरेतील शहरांतही वाढवला. दिल्लीतील रघुबीर नगरचा जुन्या कपड्यांचा बाजार त्यांच्याच कष्टांवर उभा राहिला. तेथून कपडे रफूवाल्याकडे, धोब्याकडे आणि मग ज्याला नवे परवडत नाही अशा गिऱ्हाइकाच्या हाती जात. जुन्या वस्तूला किंमत होती, म्हणून तिला मान होता. आता आपण किंमत काढून घेतली आणि तिच्या जागी ‘दान’ हा शब्द बसवला.

दानाविषयी आपल्या परंपरेने जितका विचार केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. कठोपनिषदाचा आरंभच मुळी अशा एका दानाने होतो. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यायचे ठरवले आणि दिल्या त्या गायी अशा, की ज्यांचे गवत खाऊन झाले होते, पाणी पिऊन झाले होते, दूध देऊन झाले होते. ते पाहून लहानग्या नचिकेताला लाज वाटली. पुढची सारी आत्मविद्या त्या लाजेतून निघाली आहे. यमाशी झालेला संवाद आपण भक्तिभावाने ऐकतो. त्या भाकड गायी मात्र सोयीस्करपणे विसरतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात अपात्री, अवेळी आणि अवहेलना करून दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. बटणे तुटलेला, काखेत फाटलेला आणि न धुतलेला सदरा गाठोड्यात कोंबताना हे कोणाच्या ध्यानात येत असेल, असे दिसत नाही.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर याचे जे प्रदर्शन घडले ते लाजिरवाणे होते. देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे तेथे ओतले गेले आणि नागपट्टिणमच्या परिसरात त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या कोळ्यांनीही ते उचलले नाहीत. त्यांना गरज होती, पण गरज म्हणजे लाचारी नव्हे. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी अवघ्या ६७ कपड्यांनिशी सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने तेथील टाकून दिलेल्या कपड्यांची निवड करून ते उपयोगात आणण्याचे काम अंगावर घेतले. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या लेखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी घालून दिलेली रीत. गावकरी आपल्या गावासाठी विहीर खणतात, साकव बांधतात, वाट दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. सुती जुनेराचे धुऊन, निवडून स्त्रियांसाठी मासिक पाळीचे घडीचे कापड बनवले जाते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही यातली मुख्य काळजी आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. अंगावरचे उतरलेले वस्त्र खालच्यांना द्यावे, ही कल्पना आपल्याकडे केवळ भूतदयेतून आलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असा स्पष्ट दंडक आहे. म्हणजे जुने कापड ही पायरी दाखवण्याची खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. आंबेडकर नेसण्याच्या रीतीविषयी आणि स्वच्छतेविषयी बोलले, ते उगाच नव्हे. कपडा काय सांगतो हे त्यांनी नेमके ओळखले होते. कामवाली बाई मालकिणीची साडी घरी नेते आणि कधीच नेसत नाही, तेव्हा तिला आपण कृतघ्न म्हणतो. वास्तविक त्या साडीतून तिला काय सांगितले जात आहे, ते तिला आपल्यापेक्षा अधिक समजलेले असते.

पाश्चात्त्य देशांनी या कोड्यातून काढलेली वाट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोस्टन शहरात १९०२ साली एडगर हेल्म्स या पाद्र्याने सुखवस्तू घरांतून जुने सामान गोळा केले आणि ते फुकट न वाटता गरिबांकडूनच दुरुस्त करवून, त्यांना मजुरी देऊन, अल्प किमतीत विकले. ‘गुडविल’ या संस्थेचा उगम तो. इंग्लंडात ‘ऑक्सफॅम’ने १९४७ साली ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असेच दुकान थाटले. अशा दुकानात शिरणारा मनुष्य याचक नसतो, गिऱ्हाईक असतो. तो वस्तू उलटीसुलटी करून पाहतो, नाक मुरडतो, घासाघीस करतो आणि नको असेल तर परत ठेवतो. हा नकाराचा अधिकार दानात नाही. शिवाय तेथे केवळ गरीबच जातात असेही नाही. प्राध्यापक, विद्यार्थी, नवा संसार मांडणारी जोडपी, सारेच जातात. आपल्याकडेही २०२० च्या टाळेबंदीपासून शहरी तरुण मुली इन्स्टाग्रामवरून वापरलेले कपडे विकू-घेऊ लागल्या आहेत. थोरल्या पिढीला दुसऱ्याचे घातलेले अंगाला लावणे किळसवाणे वाटते. या मुलींना तसे वाटत नाही. शिवाशिवीच्या भावनेचा एक कोपरा असा झिजत असेल, तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

मात्र त्या देशांचेही सारेच अनुकरणीय नाही. दुकानांत न खपलेला माल गाठी बांधून आफ्रिकेत आणि आशियात धाडला जातो. आपल्या कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात असे कपडे येतात, निवडले जातात, बरेचसे पुन्हा परदेशी जातात; लोकरीच्या चिंध्यांपासून पानिपतच्या गिरण्या सूत काढतात आणि भूकंप-पूरग्रस्तांना वाटण्यात येणाऱ्या स्वस्त घोंगड्या विणतात. घानाची राजधानी आक्रा येथील कांटामांटो बाजार या गाठींवरच जगतो. जानेवारी २०२५ च्या आरंभी लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. तेथे या कपड्यांना ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचे नाव आहे. हे धडधाकट कपडे कोणी जिवंतपणी टाकून देईल, यावर म्हणे लोकांचा विश्वास बसेना. रवांडाने २०१६ मध्ये या मालावरचा कर वाढवून आपला वस्त्रोद्योग वाचवू पाहिला, तर अमेरिकेने २०१८ मध्ये त्या देशाच्या तयार कपड्यांची करमाफी स्थगित केली. एकाचे दान दुसऱ्याच्या मागाला असे मारक ठरते. अखेर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सदस्य राष्ट्रांवर कापडाचा कचरा वेगळा गोळा करण्याचे बंधन घातले.

घर रिते करण्याच्या नव्या छंदाविषयीही दोन शब्द. मारी कोन्दो या जपानी बाईंचे पुस्तक २०११ मध्ये निघाले. वस्तू हातात घ्या, मनाला आनंद देत नसेल तर तिला निरोप द्या, असा त्यांचा उपदेश. जगभर लोकांनी कपाटे रिकामी केली. तिसऱ्या अपत्यानंतर आपण हा अट्टाहास काहीसा सोडून दिल्याचे खुद्द बाईंनीच २०२३ साली सांगून टाकले! आमचा आक्षेप वेगळा आहे. गोव्याला घर रिते करण्याचा धडा कोणी शिकवायला नको. स्टील आणि प्लास्टिक आले तेव्हा न्हाणीतली तांब्याची भाणे, पितळी समया आणि घागरी मोडीच्या भावाने तराजूत गेल्या. शिसवी खुर्च्या-पलंग जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने नेले. बाणावलीचे ‘गोवा चित्र’ संग्रहालय व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभे केले ते बहुतांशी अशाच टाकून दिलेल्या अवजारांतून. आज आपली मुले तिकीट काढून ती पाहतात.

तसेच अंजुणेच्या बुधवारच्या बाजाराचे. १९७० च्या दशकात पैसे संपलेले हिप्पी आपल्याजवळच्या वस्तू वाळूत मांडून विकू लागले, त्यातून तो बाजार जन्मला. आज तेथे पर्यटकांसाठी आणलेल्या नव्या मालाचीच रेलचेल असते. जुन्याचा बाजार आपल्या अंगणात पन्नास वर्षे होता आणि आपल्याला त्याचा स्वतःसाठी काही उपयोग सुचला नाही.

तो आताही सुचू शकतो. त्यासाठी सरकारी योजना नको आणि मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन तर नकोच. रस्त्यावरची ‘माणुसकीची भिंत’ येथे चालायची नाही, कारण उघड्यावर टांगलेले कपडे पहिल्याच सरीत कचरा होतात. छप्पर हवे. प्रत्येक मोठ्या गावात देवस्थानचे सभागृह आहे, महिला मंडळ आहे, स्वयंसाहाय्य गट आहेत. महिन्यातून एखादा रविवार धुतलेले, इस्त्री केलेले, नीट निवडलेले कपडे दहा-वीस रुपयांपासून विक्रीस ठेवावेत. मांडणाऱ्या नि रफू करणाऱ्या बायकांना त्यातून मेहनताना मिळावा. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तर गणवेश, रेनकोट, दप्तरे आणि पाठ्यपुस्तके यांची अशी अदलाबदल प्रत्येक शाळेने करावी. वर्षभरात आखूड होणाऱ्या रेनकोटसाठी पगारदारालाही दरवर्षी खिसा हलका करावा लागतो, मग मजुराची काय कथा? पहिल्या रविवारी सरपंचांच्या, शिक्षकांच्या, देवस्थानच्या महाजनांच्या घरच्यांनी तेथून काहीतरी विकत न्यावे, म्हणजे इतरांचा संकोच गळेल. फाटके सुती कापड गॅरेजवाले हात पुसायला आनंदाने घेतात. राहिला प्रश्न न विकल्या गेलेल्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांचा. ते कोरडे ठेवून वेगळ्या पोत्यात पंचायतीच्या शेडमध्ये पोचवावे लागतील, आणि अशी पोती महिन्याकाठी उचलण्याची सोय कचरा व्यवस्थापन महामंडळाने करावी, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडण्यास कोणाचीच हरकत नसावी.