घरातला डॉल्बी

"आई, दिवाळीला घरी डॉल्बी घेऊन येतोय," मी फोनवर म्हणालो आणि पलीकडे एकदम शांतता. मग आई म्हणाली, "का रं? कुणाची वरात हाय?"

चूक माझीच. पुण्यात आयटीत सहा वर्षं काढली की माणूस विसरतो, की सातारा-सांगलीकडे डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. गणपती, वरात, निवडणुकीचा गुलाल, काहीही कारण चालतं. आमच्या कोरेगावात ती गल्लीतून गेली की मांडणीवरची भांडी आपोआप वाजतात. गंमत म्हणजे ज्या रे डॉल्बींच्या नावाने हा सगळा धिंगाणा चालतो, त्यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! असो.

मला हवा होता तो दुसरा डॉल्बी, टीव्हीला जोडायची ५.१ सिस्टीम. बजेट ४५ हजार. दोन महिने प्रत्येक शनिवार-रविवार त्यातच गेला. एक्सेल शीटसुद्धा केली होती (हसा, हसा). शेवटी जे घेतलं ते शीटमधल्या एकाही ओळीत नव्हतं. माझं मत सरळ आहे: बजेट कमी असेल तर पाच स्पीकर मोजत बसू नका. समोरचे तीन घ्या, आणि त्यातला मधला चांगला घ्या. मागचे दोन आणि वूफर नंतर बघता येईल. नाही घेतले तरी काही बिघडत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एक "५.१" सेट घेतला होता. खोक्यावर हजारो वॉट पीएमपीओ, समोर निळे दिवे, रिमोट, एफएम, सगळं. मागे बघितलं तर आवाज आत घ्यायला फक्त लाल आणि पांढरी पिन. म्हणजे आत जाणार दोन चॅनेल आणि बाहेर पाच डबे! तेच दोन चॅनेल वाटून पाचांतून वाजायचे. ब्लूटूथने जोडलं तरी तेच, कारण नेहमीचा ब्लूटूथ ऑडिओ दोनच चॅनेल नेतो. त्यामुळे दुकानात आधी मागची बाजू बघा. एचडीएमआय एआरसी किंवा निदान ऑप्टिकल असेल तरच पुढे बोला. आणि पीएमपीओ हा आकडा कशाचाच नसतो. त्याला मान्य असं कुठलंही एक माप नाही. आरएमएस विचारा. तोही दुप्पट केला तर आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. त्यामुळे ५० की ८० वॉट यावर रात्र जागवू नका.

आता मुद्द्याचं, म्हणजे अण्णांचं. गेली दोनेक वर्षं आम्ही सगळे सिनेमा बघायला बसलो की अण्णा दहा मिनिटांत उठून ओट्यावर जायचे. "तुमचं चालू द्या." मला वाटायचं वय झालं, रस नाही राहिला. टीव्हीचा आवाज मात्र ते एकटे असले की इतका मोठा, की गल्लीच्या तोंडाशीच बातम्या कळाव्यात. मागच्या उन्हाळ्यात लक्षात आलं, की सकाळी रेडिओवर आकाशवाणी सांगली लागतं तेव्हा त्यांना सगळं कळतं, तेही हळू आवाजात. मग टीव्हीवरच का नाही?

कारण रेडिओवर बोलणारा एकटा असतो. सिनेमात बोलण्याखाली संगीत, पाऊस, गाड्या, सगळं एकत्र येतं, आणि पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यात वयानुसार कान आधी वरच्या फ्रिक्वेन्सी सोडतात. स, श, फ, त ही व्यंजनं तिथेच राहतात. मग माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते समजत नाही. आवाज वाढवला तर संगीतही वाढतं. म्हणजे हरलोच.

५.१ च्या मिक्समध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. तो चॅनेल वेगळ्या स्पीकरला दिला की बाकी काही न वाढवता फक्त बोलणं वर आणता येतं. दोन चॅनेलचा कार्यक्रम असला तरी रिसीव्हर दोन्हीकडचा सारखा भाग काढून मधे पाठवू शकतो. नुसत्या दोन स्पीकरवरही आवाज मधून आल्यासारखा वाटतो, पण बरोब्बर मधे बसणाऱ्यालाच. आमच्याकडे अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत, आई उंबऱ्यापाशी भाजी निवडत आणि मी कॉटवर आडवा. मधे बसतंय कोण?

निम्म्याहून जास्त पैसे रिसीव्हरला गेले, उरलेल्यात तीन स्पीकर. वायर इलेक्ट्रिकलच्या दुकानातली साधी तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची. तीन-चार मीटरसाठी सोन्याच्या भावाची केबल घेणं म्हणजे निव्वळ हौस. घराचं अर्थिंग तेवढं आधी तपासून घ्या.

खोलीकडे मात्र कुणी बघत नाही. आमची शहाबादी फरशी, प्लास्टरच्या उघड्या भिंती. टाळी वाजवली की ती परत भेटायला येते! अशा खोलीत कुठलाही स्पीकर चिखलच करणार. आईच्या जुन्या वाकळा काढल्या, एक खाली अंथरली, एक मागच्या भिंतीवर दांडी ठोकून टांगली. खर्च शून्य, आणि खरं सांगतो, फरक स्पीकरइतकाच. (पाहुणे आले की आई ती काढून ठेवते, तो भाग वेगळा.)

वूफर न घेण्याचं कारण म्हणजे चुलत्यांची आणि आमची भिंत एकच आहे. खालच्या फ्रिक्वेन्सीला भिंत अडवत नाही. मागच्या गोठ्यातल्या म्हशीचं मत मी विचारलं नाही.

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर एवढा व्याप नको. साउंडबार घ्या, फक्त त्यात मधला चॅनेल खरोखर वेगळा आहे का ते पाहून.

दिवाळीच्या पाडव्याला सैराट लावला. २०१६ ला आला तेव्हापासून अण्णांनी तो टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत दोनदा बघितला होता आणि त्यांना गाणी तेवढी कळली होती. अजय-अतुलनी ती लॉस एंजलिसला मोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केली, त्यावर मी भाषण देणार होतो. पण अण्णांना आर्चीची बोलणी ऐकायची होती. मधला चॅनेल ३ डेसिबल वर ठेवला. या वेळी ते उठले नाहीत. शेवटच्या प्रसंगात आवाज पूर्ण जातो, ते बाळ चालत येतं... तेव्हा बाहेरचे फटाके तेवढे ऐकू येत होते. अण्णा कितीतरी वेळ तसेच बसून होते.

कानाच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं, स्पीकर म्हणजे काही इलाज नव्हे. मशीन सुचवलंय. ते सध्या डबीत, डबी कपाटात. भांडण चालू आहे.

मागचे दोन स्पीकर अजून घेतलेले नाहीत. परवा चुलतभाऊ आला, सगळी खोली शोधून म्हणाला, "डॉल्बी कुठाय?" अण्णा म्हणाले, "गप बस, ऐकू दे."