अर्गोनॉमिक कीबोर्ड घ्यायचाय? आधी मनगटाकडे बघा

एप्रिल २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाचे कीबोर्ड-माउस बंद करून फक्त सरफेस ब्रँडवर भर द्यायचं जाहीर केलं. १९९४ साली ‘नॅचरल कीबोर्ड’ आणून मधोमध दुभागलेला आकार याच कंपनीने घराघरांत नेला होता, त्यामुळे चाहते हळहळले. जानेवारी २०२४ मध्ये इनकेस कंपनीने तीच डिझाइन्स पुन्हा आणायची घोषणा केली. लॉजिटेक, किनेसिसचे पर्याय होतेच. पण खरा प्रश्न ब्रँडचा नाही. एवढे पैसे घालून मनगटाला आराम मिळतो का, हा आहे.

त्रास कुठून येतो ते आधी बघू. साध्या कीबोर्डवर हात ठेवा आणि वरून बघा. खांदे रुंद, कीबोर्ड अरुंद. त्यामुळे मनगटं करंगळीच्या बाजूला वळतात. कीबोर्डचे मागचे पाय उघडले असतील, तर पंजा वरच्या बाजूला वाकतो. तळवे पूर्ण खाली वळल्यामुळे कोपरापुढचा हातही पिळला जातो. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं हलवणाऱ्या कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. मनगट वाकलं की तिथला दाब वाढतो, आणि आपण तसंच तासन्‌तास टाइप करतो.

दुभागलेला कीबोर्ड मनगट सरळ ठेवतो आणि मधला उंचवटा हाताचा पीळ कमी करतो. पण पुरावा काय सांगतो? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, हाताचा त्रास असलेल्या ८० जणांना सहा महिने वेगवेगळे कीबोर्ड दिले होते. मायक्रोसॉफ्ट नॅचरल वापरणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, पण डॉक्टरी तपासणीत तसा फरक दिसला नाही. थोडक्यात, आराम मिळू शकतो. आजार बरा होईल असं गृहीत धरू नका.

म्हणून आधी फुकटचे उपाय करा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. माउस जवळ घ्या. कोपर आणि कीबोर्ड एका उंचीवर आणा. लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून साधा वेगळा कीबोर्ड जोडा. टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका आणि अधूनमधून हात मोकळे करा. एवढं करूनही दुखत असेल, तर दुभागलेला कीबोर्ड जरूर बघा, पण परत करायची सोय असेल तिथूनच घ्या. हात रुळायला काही दिवस जातात.

मराठी इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांची एक सोय आहे. त्यात स्वर आणि मात्रा डावीकडे, तर बहुतेक व्यंजनं उजवीकडे असतात. त्यामुळे दोन भागांत काम आपोआप वाटलं जातं.

मात्र अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर शॉपिंग ॲप बंद करा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. आपल्यासारख्यांचं पोट याच दोन हातांवर आहे.